वहाळापल्याडचं कडवं

ता. ११ मे १९५६ रोजी येसूच्या हातावर चार आणे पडले. गळ्याची ती तिची पहिली कमाई. गौराबाईला मानाचा सव्वा रुपया मिळाला होता, त्यातून तिने ते काढून दिले. उरलेला रुपया, चोळीचा खण, नारळ आणि तांदूळ गौराबाईने आपल्या ओच्यात बांधले आणि ती म्हणाली, "नीट ठेव. हरवलेस तर पुढचे मिळायचे नायत."

येसू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. खालापुराहून साजगावच्या बाजूला जाताना भातखाचरांच्या मधोमध चाळीस उंबऱ्यांचं गाव लागतं, तिथल्या पदूची ती बायको. गावात सगळी आगरी वस्ती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीपेक्षा धवलारणीचा मान मोठा. मांडव उभा राहिल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत चार दिवस जे जे करायचं, ते ती गाऊन करते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. हळद लागते ती धवल्यावर, देव आणि पितर मांडवात येतात तेही धवल्यावर. दोघी बसतात. पुढची ओळ टाकते, मागची ती उचलते. गौराबाई पुढची, येसू मागची होती.

गौराबाईच्या मागे बसायचं तिच्या मनाने घेतलं, ते तिच्या स्वतःच्या लग्नापासून. लग्नात ती तेरा वर्षांची होती आणि आई आदल्या आषाढात वारली होती. हळदीच्या पाटावर बसवलं तेव्हा तिला एवढंच कळत होतं, की भोवती सगळ्या बाया आहेत आणि आपली त्यांत नाही. तेवढ्यात गौराबाईने पितरांना हाका मारायला सुरुवात केली. एकेक नाव घेत घेत ती म्हणाली,

"ये गं ये, सुंदरा, मांडवी ये,
तुझ्या लेकीच्या हळदीला पाटाशी बस ये."

येसूने मान वर करून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पण आईची जागा झाली, असं तिला वाटलं, आणि ती रडायची थांबली. पुढे कधी कोणी विचारलं, तुला हे कशाला हवं गं, तर ती एवढंच सांगायची, "माझ्या आयला तिनं बोलावली होती." आपणही एक लग्न, अख्खं, मांडवापासून पाठवणीपर्यंत पुढे बसून गायचं, ही तिच्या मनाची एकच इच्छा होती. एकापेक्षा जास्त लग्नांची गोष्ट तिने कधी केली नाही.

पण ते शिकणं फार अवघड. धवला मांडवाबाहेर म्हणायचा नाही, असा नियम होता. मांडव नसताना हाक घातली तर देव येतात, बसायला जागा दिसत नाही, आणि रागावून जातात. म्हणून घरी गुणगुणायचं नाही, लावणीत म्हणायचं नाही, दळताना तर नाहीच. वर्षात आठ-दहा लग्नं, तीही उन्हाळ्यात. जे कानावर पडेल ते तेवढ्यात उचलायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोंड बंद ठेवायचं. लिहिता दोघींनाही येत नव्हतं.

सासू सोनुबाईला हे मुळीच पसंत नव्हतं. "चार दिवस लोकांच्या मांडवात आन् मजुरी चार आणे," ती शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "इकडं माझी चूल थंड, आन् सून गावाला हळद लावतेय."

पदू गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, "जाऊ दे ना, आये. घरी आल्यावर तरी गप बसते."

"ती गप बसते रं. मागनं तू बोलतोस."

येसूने यावर एक युक्ती काढली. घरात तिने चिंचोके जमवले. दुपारी सासू कलंडली की ती जमिनीवर चिंचोके मांडायची, एका कडव्याला एक. ओठ मिटलेले. मांडवाच्या मुहूर्तमेढीपासून ओळ सुरू व्हायची ती पार उंबऱ्यापर्यंत जायची. एखाद्या ठिकाणी पुढचं कडवं आठवलं नाही, की तिथे ती बोटभर जागा मोकळी सोडायची आणि पुढच्या लग्नात नेमकं तेवढंच कान देऊन ऐकायची. सात उन्हाळ्यांत सगळ्या जागा भरल्या. एकच राहिली.

ती होती पाठवणीची. नवरी निघाली की मागचीने मांडवात दिवा राखत बसायचं. पुढची तेवढी नवरीबरोबर शिवेपर्यंत चालत जायची, आणि बरोबर नवरीचा मामा. बापसुद्धा बांधापुढे जायचा नाही. गावाच्या शिवेवर वहाळ होता, पावसाळ्यात कमरेइतकं पाणी आणि वैशाखात नुसते गोटे. उंबरा, अंगण, विहीर, बांध, वहाळ अशी एकेक कडवी त्या वाटेच्या मापाची होती. मांडवात बसलेल्या येसूला पहिली दोन ऐकू यायची. पुढे आवाज लांब जायचा.

मधल्या काळात, १९६० च्या भादव्यात, पदू तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी आता बाप होता पण भावजयांचं राज्य होतं, म्हणून येसू सासूपाशीच राहिली. आपली दोन खाचरं आणि लोकांची लावणी-कापणी यांवर दोघींचं भागायचं. विधवेला धवला म्हणायला आडकाठी नव्हती. गौराबाई स्वतः विसाव्या वर्षापासून विधवा होती. ती म्हणायची, "आपल्याला मांडवात दुसरं कायच काम नाय. म्हणून तर गाणं नीट होतं."

१९६३ साली गौराबाईला दम लागायला लागला. त्या वैशाखात भिवाजीच्या मुलीचं लग्न होतं. भिवाजी म्हणजे गावातलं खाऊन-पिऊन सुखी घर. हळदीच्या संध्याकाळी गौराबाईने येसूला पुढे सरकवलं. "आज पितर तू बोलाव. पाठवणीचं मी बघते."

आता या घरांत आजाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. भिवाजीच्या आजाचं नाव नामा, आणि भिवाजीच्या धाकट्या भावाचंही नामा. आजा जाऊन चाळीस वर्षं झालेली, भाऊ धडधाकट. अशा वेळी चूक होऊ नये म्हणून धवल्यात गेलेल्या माणसाला त्याच्या बायकोच्या नावासकट हाक मारतात. आजीचं नाव भागूबाई. म्हणजे हाक 'भागूच्या नामा' अशी. येसूला हे तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी समोर ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती धाकट्या नामाची बायको गोदा. पाच वर्षांची जना तिच्या लुगड्याला धरून. येसूची नजर गोदावर होती आणि तोंडातून निघालं,

"ये रं ये, गोदाच्या नामा, मांडवी ये..."

मागून गौराबाईने तिचं मनगट धरलं. गाणं थांबलं. गौराबाईने अक्षता टाकल्या, नारळ फोडून क्षमा मागितली आणि भागूच्या नामाला नीट हाक मारली. मग नामाच हसला. "मला आत्ताच धाडतेस काय गं, वैनी? भात तरी जेवू दे."

सगळे हसले. गोदा हसली नाही.

त्याच श्रावणात म्हशी आणायला नामा पाताळगंगेच्या काठी गेला. वरून लोंढा आला. दोन दिवसांनी तो खाली झुडपात अडकलेला सापडला.

येसू भेटायला गेली तेव्हा गोदा भिंतीला टेकून बसली होती. तिने वर पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तू हाक मारलीस. तो गेला." एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. पण त्यानंतर येसूला कोणी मांडवात बोलावलं नाही. गौराबाईच्या मागे दुसऱ्या गावची एक बाई बसायला लागली. आमंत्रण यायचं, जेवायला. येसू जायची, बायांच्या शेवटच्या ओळीत बसून जेवायची आणि परत यायची.

चिंचोके मात्र तिने टाकले नाहीत. वर्षातून चार वेळा ती सगळा धवला मांडायची. सोनुबाई आता जागी असली तरी काही म्हणत नसे. एकदाच म्हणाली, "येक चिंचोका कमी हाय बग. हळदीच्या ओळीत मागल्या खेपेला पंधरा होते."

"तुमी मोजता, आत्याबाई?"

"दुसरं काय काम हाय मला?"

खाटेखाली घरंगळलेला चिंचोका सापडला.

१९७० च्या कार्तिकात गौराबाईचं आता काही खरं नाही, अशी बातमी आली. येसू गेली. गौराबाई खाटेवर होती. तिला वारस कोणी नव्हता, पुतण्याच्या घरी पडली होती. येसूने सरळच विचारलं, "मावशे, पाठवणीचं राहिलंय माझं."

"मांडव कुठाय? कार्तिकात कोणाचं लगीन काढू?"

येसूने दाराबाहेरच्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुळशीचं."

तुळशीचं लग्न म्हणजे लग्नच. उसाचा का होईना, मांडव असतो. देव येतात. "तुळस कुठं जाते गं सासरी?" गौराबाई म्हणाली. "पाठवणी कोणाची करू?" पण तिने नाही म्हटलं नाही.

द्वादशीला येसू आणि पुतण्या यांनी तिला खाटेसकट उचलून येसूच्या अंगणात आणलं. ऊस बांधले, आंब्याचे डहाळे लावले. सोनुबाईने तुळशीला हळद लावली. गौराबाईला उठून चालता येणार नव्हतं. ती पडल्या पडल्या म्हणत गेली आणि येसू मागून उचलत गेली.

"पहिलं पाऊल उंबऱ्याचं, माय माझी राहिली,
दुसरं पाऊल अंगणाचं, तुळस माझी राहिली..."

विहिरीपाशी लेक मैत्रिणी सोडते. बांधापाशी बापाचा हात. वहाळाशी गावाचं नाव सोडते, आता ती अमक्या गावची राहत नाही. इथवर आल्यावर गौराबाईला ढास लागली. पाणी पाजलं, पाठ चोळली, पण आवाज फुटेना. मग ती कुजबुजली, "येकच कडवं राहिलं. वहाळापल्याडचं. सगळं सोडून झाल्यावर लेक संगती काय नेते, ते हाय त्यात."

"काय नेते?"

"सांगत नाय. म्हणावं लागतं. उद्या."

येसूने सव्वा रुपया आणि एक खण तिच्या उशाशी ठेवला. शिकवणीचा मान. गौराबाईने तो बोटाने परत सरकवला. "पुरं होऊ दे. मग घीन."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बोललीच नाही. संध्याकाळी गेली.

त्यानंतरची आठ वर्षं येसूबाईने एकाच कामात घातली. ते कडवं गौराबाईने शेकडो नवऱ्यांच्या कानाशी म्हटलं होतं. त्या नवऱ्या आता ठिकठिकाणी नांदत होत्या. त्यांतल्या एकीला तरी आठवत असेल. भाताची कापणी उरकली की येसूबाई निघायची. खालापूर झालं, चौकचा भाग झाला, एस.टी.ने कर्जतच्या पलीकडची गावं झाली. कुठे ओळख सांगायची, कुठे नुसतं पाणी मागून बसायचं. बाई धुणं धूत असे, नातवाला भरवत असे. येसूबाई विचारायची, "गौराबाईनं तुझी पाठवणी केली ना? वहाळ ओलांडल्यावर काय बोलली, आठवतं का?"

एकीलाही आठवेना. "मी रडत होते गं," एक म्हणाली. दुसरीही तेच म्हणाली. साजगावला कारखान्यात झाडलोट करणारी एक बाई केरसुणी थांबवून म्हणाली, "मामाचं धोतर धरलं होतं मी. तेवढं आठवतंय, हातातलं धोतर." वावोशीकडची एक म्हातारी म्हणाली, "काय तरी पाण्याचं होतं." तिची सून म्हणाली, "आमच्या आत्याबाईंना सगळ्यातच पाणी दिसतं, मोतीबिंदू हाय." येसूबाई दर बाईमागे एक चिंचोका वेगळ्या गाडग्यात टाकायची. आठ वर्षांत एकशे बारा झाले. हयात होते त्या मामांनाही विचारलं, पण बायांच्या गाण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं होतं. तिचीही पाठवणी गौराबाईनेच केली होती. पण तीही रडतच होती.

एवढ्या काळात लग्नं बदलली. खोपोली-साजगावकडे कारखाने झाले, मुलं पाळीवर जायला लागली. रजा मिळायची एक दिवस, फार तर दोन. भटजी तासाभरात लावून द्यायचा, कर्ण्यावर तबकड्या लागायच्या. धवल्याला जागाच उरली नाही. गौराबाईच्या मागे बसणारी ती दुसरी बाईही वारली.

१९७८ च्या चैत्रात एका सकाळी गोदा येसूबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांत तिने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. सोनुबाईने बाज पुढे केली, ती बसली नाही. हातातली लग्नपत्रिका तिने येसूबाईसमोर धरली.

"जनाचं हाय. वैशाखात."

"चांगलं झालं."

"भटजीला इचारलं, तिच्या बापाला मांडवात बोलावता येतं का. तो बोलला, पत्रिकेत नावामागं कैलासवासी छापा. छापलंय." गोदाने पत्रिकेवर बोट ठेवलं. "छापून माणूस येतो का?"

येसूबाईने पत्रिका हातात घेतली.

"तू हाक मारलीस तवा त्यानं आयकली," गोदा म्हणाली. "दुसऱ्या कोणाची आयकंल, नायकंल. आता खरंच बोलावायचाय. तू ये."

येसूबाई तिथेच पायरीवर बसली. ती म्हणाली, "मला शेवट येत नाय, गोदा. येक कडवं कमी हाय."

"शेवटाचं शेवटाला बघू."

मागे बसायला कोणी नव्हतं. सोनुबाई पंचाहत्तरीच्या पुढची. ती म्हणाली, "मी बसते. दात नायत, शब्द धरणार नाय. हं हं करीन."

"आत्याबाई, तुमाला येतं?"

"इतकी वर्षं तुझे चिंचोके बघतेय. आंधळी हाय काय?"

लग्नाला दीड दिवस मिळाला. चार दिवसांचा धवला येसूबाईने दीड दिवसात बसवला. एकही कडवं गाळलं नाही. कर्णेवाला कुरकुरला तेव्हा भिवाजीने त्याला चहा पाजून गोठ्यात बसवून ठेवलं. इतक्या वर्षांनी येसूबाईचा आवाज आधी चिरकला, मग हळूहळू लागला. हळदीच्या वेळी गोदा ताट घेऊन समोर उभी राहिली, तशीच, त्याच जागी. जना पाटावर होती. येसूबाईने डोळे मिटले आणि हाक घातली.

"ये रं ये, गोदाच्या नामा, मांडवी ये,
तुझ्या लेकीच्या हळदीला पाटाशी बस ये."

जनाने मान वर करून दाराकडे पाहिलं. गोदाने हातातलं ताट खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. नवरा मुलगा दुसऱ्या पाळीवर हजर व्हायचा होता, म्हणून टेंपो दारातच लावलेला. येसूबाई उंबऱ्यापासून गायला लागली, तोवर जनाला वर चढवलंही. टेंपो हलला. माणसाच्या चालीच्या मापाचं ते गाणं. अंगणाचं कडवं संपेपर्यंत टेंपो विहिरीपुढे गेला होता. येसूबाई पदर खोचून मागे झपाझप चालायला लागली, गाणं तुटू न देता. तिचा दम ऐकू येत होता. मागच्या फळीवर बसलेल्या जनाने ते पाहिलं आणि केबिनवर थापा मारल्या.

"हळू घ्या, दादा. काकी गातेय."

"पाळी चुकेल, ताई."

"चुकू दे."

ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला. मग विहिरीचं कडवं झालं, बांधाचं झालं. वैशाखातलं ऊन, धूळ, आणि टेंपोच्या मागे एक हात फळीला लावून चालणारी एक्केचाळीस वर्षांची बाई. वहाळाशी टेंपो थांबला. येसूबाईने वहाळाचं कडवं म्हटलं. जनाने गावाचं नाव सोडलं.

मग येसूबाई थांबली.

जना फळीवरून वाकून तिच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती. एकशे बारा बाया रडत होत्या, ही ऐकत होती. "काकी, पुढं?"

मनाचं काहीतरी जुळवून म्हणणं येसूबाईला अवघड नव्हतं. दोन ओळी कोणालाही सुचतील, आणि खरं-खोटं सांगणारं कोणी हयात नव्हतं. तिने फळीवरचा हात काढला.

"पुढचं येत नाय गं मला," ती म्हणाली. "जा आता."

टेंपो गोट्यांवरून हेलकावे खात पलीकडे चढला आणि वळला.

गोदाने दिलेला मानाचा सव्वा रुपया येसूबाईने घेतला. तो मोडला नाही, गौराबाईने परत सरकवलेल्या खणाच्या टोकाला गाठ मारून फळीवर ठेवला. पुन्हा तिला कोणी बोलावलं नाही. सोनुबाई पुढच्याच थंडीत गेली. १९८१ साली कॉलेजातला एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, मावशी, थोडं म्हणून दाखवा. येसूबाईने त्याला चहा दिला आणि विचारलं, "मांडव कुठाय?" तो समजला नाही. चहा पिऊन गेला.

जना सणाला माहेरी आली की येसूबाई तिला भेटायची. कडव्याचा विषय दोघी काढत नसत.

येसूबाई १९८४ च्या पौषात वारली. गोदाने घर आवरलं तेव्हा दोन गाडगी चिंचोके निघाले, एकात एकशे बारा. फळीवर खण होता, टोकाला गाठ.

ते कडवं अजून कोणाला मिळालेलं नाही. एक रुपया पंचवीस पैसे आणि चोळीचा एक खण, येसूबाईकडून गौराबाईला देणं बाकी आहे.